भिंतीवरचे बिशप आणि त्यांच्या भानगडी

कुठल्याही जुन्या वाचनालयाच्या सभागृहात मान वर करून बघा. माजी अध्यक्षांची रांग दिसेल. आधी पगडी, मग काळी टोपी, मग कोट-टाय, मग सफारी आणि शेवटी एकदाचा रंगीत फोटो. खाली वार्षिक सभेत खुर्च्या आपटत असतात, वरचे सगळे निर्विकार. इंग्लंडातल्या बिशपांनी हाच उद्योग काही शतकं आधी केला, तोही तैलरंगात आणि सोनेरी चौकटीत. बिशप म्हणजे एका धर्मप्रांताचा प्रमुख. त्याला राहायला वाडा मिळायचा, नाव पॅलेस किंवा थेट कॅसल, आणि वाड्याच्या दिवाणखान्यात आधीच्या सगळ्या बिशपांच्या तसबिरी. ही गादी अखंड चालत आली आहे, हे पाहुण्याच्या मनावर ठसवायचं, एवढाच त्यांचा हेतू.

ठसतं मात्र भलतंच. या रांगांमध्ये शिरच्छेद झालेले आहेत, जिवंत जाळलेले आहेत, हातून माणूस मेलेला आहे, झोपेत धुराडं अंगावर पडून गेलेला आहे. तसबिरी मुकाट असतात. त्यांच्यामागच्या गोष्टी मात्र अजिबात गप्प बसत नाहीत.

एकच चेहरा, अनेक बिशप

पहिली अडचण अशी, की पहिले बिशप दिसायचे कसे हे कोणालाच ठाऊक नसतं. मग रांग सुरू करायची कुठून?

चिचेस्टरचे बिशप रॉबर्ट शेरबर्न यांनी सोळाव्या शतकात हा प्रश्न झटकन सोडवला. लॅम्बर्ट बर्नार्ड नावाच्या चित्रकाराला त्यांनी सांगितलं, आपल्या गादीवरचे सगळे बिशप काढ. त्याने काढले. गोल चौकटींमधली ती मुंडकी आजही चिचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये आहेत आणि ओळीने बघत गेलं की हसू येतं, कारण बहुतेकांचा चेहरा जवळजवळ एकच. शतकं बदलतात, नाव बदलतं, नाक तेच. याच शेरबर्नसाहेबांनी आपल्या अ‍ॅम्बर्ली कॅसलमधल्या खोलीसाठी त्याच चित्रकाराकडून पुराणकाळातल्या शूर राण्यांची चित्रं करून घेतली. कॅथेड्रलमध्ये बिशप, घरी राण्या. यावर टिप्पणी करायचा मोह मी आवरतो.

लँबेथ: दाढी, बाण आणि तुटलेली दोरी

लंडनला थेम्सच्या काठी लँबेथ पॅलेस आहे. कँटरबरीच्या आर्चबिशपांचं, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधल्या सर्वांत वरच्या धर्मगुरूंचं हे घर. तिथल्या तसबिरींमध्ये जितका मसाला आहे तितका क्वचितच दुसरीकडे असेल, म्हणून इथे जरा बूड टेकू.

आधी टॉमस क्रॅनमर. आठव्या हेन्रीचं पहिलं लग्न रद्दबातल ठरवणारे हेच. 1545 मध्ये गेरलाख फ्लिके या जर्मन चित्रकाराने त्यांना रंगवलं, ते चित्र आता लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. गुळगुळीत दाढी केलेला, सावध डोळ्यांचा माणूस. लँबेथमधल्या चित्रात मात्र त्यांना छातीवर रुळणारी पांढरी दाढी आहे. मधल्या काळात 1547 साली हेन्री वारला. त्याच्या सुतकात क्रॅनमर यांनी वस्तरा बाजूला ठेवला तो ठेवलाच. जुन्या कॅथलिक पाद्र्यांच्या तुळतुळीत हनुवटीपासून आपण वेगळे आहोत, हेही त्या दाढीतून सांगून झालं. पुढे राणी मेरीच्या राज्यात, 1556 मध्ये, त्यांना ऑक्सफर्डला जिवंत जाळलं.

मग जॉर्ज अ‍ॅबट. चेहरा असा, की हा माणूस कधी मजेने हसला असेल यावर विश्वास बसू नये. जुलै 1621 मध्ये ते हॅम्पशरमधल्या ब्रॅम्सहिल इथे शिकारीला गेले. हरणावर क्रॉसबो रोखला, बाण सुटला आणि लागला पीटर हॉकिन्स नावाच्या रखवालदाराला. तो रक्तस्रावाने गेला. आता पेच असा, की ज्याच्या हातून मनुष्यहत्या झाली तो माणूस आर्चबिशप राहू शकतो का? दहा जणांचा आयोग नेमला, तो निम्मा-निम्मा फुटला. शेवटी राजा पहिल्या जेम्सने माफी देऊन विषय मिटवला. अ‍ॅबट यांनी विधवेला वर्षाला 20 पौंडांचं निर्वाहवेतन बांधून दिलं आणि घटना मंगळवारी घडली म्हणून दर महिन्याला एका मंगळवारी उपास धरला. (मंगळवारचा उपास! आपल्याकडे कारण वेगळं असतं, वार तोच.) नव्याने नेमलेल्या काही बिशपांनी मात्र या हातांनी आमच्या डोक्यावर दीक्षेचा हात नको म्हणून सरळ नकार दिला. त्यात एक होते विल्यम लॉड.

हे लॉड पुढे स्वतः आर्चबिशप झाले आणि खुद्द व्हॅन डाइककडून चित्र काढून घेतलं. पांढऱ्या झोळदार बाह्या, भुवया किंचित वर, समोरच्याला बसायला न सांगणारी नजर. त्या चित्राच्या इतक्या नकला झाल्या की कुठे कुठे आहेत ते मोजत बसावं. एक आवृत्ती तर थेट रशियातल्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. लॉड रोजनिशी लिहीत आणि त्यांचा शकुन-अपशकुनांवर, स्वप्नांवर भलताच विश्वास. 27 ऑक्टोबर 1640 ला त्यांनी नोंद केली, की अभ्यासिकेत गेलो तर माझी तसबीर दोरी तुटून जमिनीवर पालथी पडलेली. हा अपशकुन नसो, अशी देवाची विनवणीही खाली लिहिली. देवाने ऐकलं नाही. आठवड्याभरात नवी संसद भरली, डिसेंबरमध्ये लॉड अटकेत आणि 10 जानेवारी 1645 ला कुऱ्हाडीखाली. दोरीऐवजी साखळी वापरली असती तर, असा विचार मनात येतोच.

लॉड यांचं आणखी एक स्मारक लँबेथमध्ये आहे, आणि मला विचाराल तर व्हॅन डाइकपेक्षा ते सरस. त्यांनी एक कासव पाळलं होतं. मालकाचं डोकं गेलं, राजाचं गेलं, यादवी युद्ध झालं, वाड्याचा मोठा हॉल जमीनदोस्त झाला, पुन्हा बांधला गेला. कासव आपलं बागेत पाला खात राहिलं. एकामागून एक आर्चबिशप आले, तसबिरी टांगून गेले. अठराव्या शतकाच्या मध्यावर एका माळ्याच्या हलगर्जीपणाने ते बिचारं मेलं. त्याची पाठ मात्र जपून ठेवली आहे.

वेल्स: छोट्या माणसाची मोठी खोली

सॉमरसेटमधल्या वेल्स गावी बिशपांचा पॅलेस आहे. भोवती खंदक, वर लांबलचक दालन, दालनात बिशपांच्या तसबिरी. बाथ आणि वेल्स या जोडधर्मप्रांताची ही गादी. इथला लोकांचा लाडका बिशप टॉमस केन.

केन बिशप होण्याआधीची गोष्ट. 1683 मध्ये राजा दुसरा चार्ल्स विंचेस्टरला आला. सोबत त्याची प्रेयसी नेल ग्विन, नाटकातली नटी. तिच्या मुक्कामासाठी केन यांचं घर निवडलं गेलं. केन यांनी राजाच्या माणसांना दारातूनच परत लावलं. दुसरा कोणी असता तर धर्मगुरूपद तिथेच संपलं असतं. पुढच्याच वर्षी बाथ आणि वेल्सची जागा रिकामी झाली तेव्हा राजाने, नेलला खोली नाकारणारा तो बुटका माणूस कुठे आहे, त्यालाच द्या, असं म्हटल्याचं सांगतात. काही असो, केन बिशप झाले हे खरं. राजाच्या मरणशय्येपाशीही तेच होते.

केन यांना तत्त्वाची खोडच होती. 1688 च्या क्रांतीनंतर नव्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला ते तयार झाले नाहीत, म्हणून 1691 मध्ये गादी गेली. तिथे बसले रिचर्ड किडर. 1703 च्या नोव्हेंबरातल्या 26 आणि 27 तारखांमधल्या रात्री इंग्लंडवर महावादळ आलं. वेल्सच्या पॅलेसचं धुराडं कोसळलं आणि पलंगावर झोपलेले किडर आणि त्यांची पत्नी दोघंही त्याखाली गेले. त्याच रात्री केन आपल्या भाच्याकडे पोलशॉट गावात होते. त्यांच्याही डोक्यावरची तुळई हलली, पण जेमतेम अर्ध्या इंचाच्या आधारावर टिकून राहिली. केन समर्थकांनी या अर्ध्या इंचाचा काय अर्थ लावला असेल, ते लिहायला नको.

याच पॅलेसच्या खंदकात हंस आहेत आणि भूक लागली की ते चोचीने दोरी ओढून घंटा वाजवतात. ही शिकवण एकोणिसाव्या शतकातल्या बिशप ईडन यांच्या मुलीने दिली असं सांगतात. हे ईडन म्हणजे हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यांचे सख्खे धाकटे भाऊ. थोरल्याने अफगाणिस्तानात फौज घुसवली आणि तिची धूळधाण झाली. धाकट्याच्या घरच्यांनी हंसांना घंटा शिकवली. इतिहासाने कोणाला जास्त यश दिलं, ते खंदकापाशी उभं राहून ठरवावं.

ऑकलंड: जेवणघरातले तेरा ज्यू

ऑकलंड नावाचा धागा पुढे ओढू. न्यूझीलंडचं ऑकलंड शहर याच गव्हर्नर जनरलच्या नावाने ओळखलं जातं, आणि त्यांच्या घराण्याने किताब उचलला तो इंग्लंडच्या उत्तरेतल्या वेस्ट ऑकलंड गावावरून. शेजारीच बिशप ऑकलंड नावाचं गाव आणि तिथे डरहॅमच्या बिशपांचा ऑकलंड कॅसल. डरहॅमचे बिशप साधेसुधे नव्हते. त्यांना ‘प्रिन्स बिशप’ म्हणत, त्यांची स्वतःची न्यायालयं होती, आणि हे राजेशाही अधिकार थेट 1836 पर्यंत चालले. वाड्यात सिंहासनाची खोलीही आहे, तिथे माजी बिशपांच्या तसबिरी. ब्रिटनच्या राज्याभिषेकात आजही राजाच्या एका बाजूला डरहॅमचा बिशप आणि दुसऱ्या बाजूला बाथ आणि वेल्सचा.

पण या वाड्यात बिशपांच्या तसबिरींवर मात केली ती दुसऱ्याच रांगेने. 1752 मध्ये रिचर्ड ट्रेव्हर गादीवर आले. देखणे म्हणून प्रसिद्ध. पुढच्या वर्षी इंग्लंडात ज्यू लोकांना नागरिकत्व मिळू देणारा कायदा झाला. ट्रेव्हर त्याच्या बाजूचे. लोक रस्त्यावर उतरले आणि काही महिन्यांतच कायदा गुंडाळावा लागला. 1756 मध्ये लंडनला एक लिलाव निघाला. स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को द झुर्बारान याने रंगवलेला याकोब आणि त्याचे बारा मुलगे, म्हणजे इस्राएलच्या बारा कुळांचे मूळपुरुष, प्रत्येक चित्र पुरुषभर उंचीचं. ट्रेव्हर यांनी त्यातली बारा चित्रं सुमारे 124 पौंडांना घेतली. तेरावं, धाकट्या बेंजामिनचं, एका ड्यूकने पळवलं. ट्रेव्हर यांनी आर्थर पाँड या चित्रकाराकडून त्याची नक्कल करून घेतली, जेवणाचं दालन त्या चित्रांच्या मापाने नव्याने बेतलं आणि तेरा जण रांगेने टांगले. अस्सल बेंजामिन आजही लिंकनशरमधल्या ग्रिम्सथॉर्प कॅसलमध्ये, भावांपासून दूर. जेवायला येणाऱ्या सरदार-दरकदारांना आपल्या पाद्र्यांऐवजी ज्यू मूळपुरुषांच्या नजरेखाली घास घ्यावा लागे. भाषण न करता मत मांडायचं हे तंत्र मला तरी फार आवडतं.

सुमारे अडीचशे वर्षांनंतर चर्चच्या मालमत्ता सांभाळणाऱ्यांना ही चित्रं विकून पैसे उभे करायचे होते. गावात ओरड झाली. अखेर जोनाथन रफर या गुंतवणूकदाराने 1.5 कोटी पौंड मोजून ती तिथेच ठेवायची व्यवस्था केली आणि वाडाही लोकांसाठी खुला झाला. 124 पौंडांवरून 1.5 कोटी. एवढा परतावा कुठल्याही सहकारी पतपेढीने दिलेला नाही.

समुद्री चाचा की बिशप?

यॉर्कच्या आर्चबिशपांचं घर बिशपथॉर्प. जेवणघरात पूर्वसुरींच्या तसबिरी. त्यांतले लॅन्सलॉट ब्लॅकबर्न, 1724 ते 1743 या काळातले आर्चबिशप, तरुणपणी वेस्ट इंडिजला गेले होते, एवढं पक्कं. बाकी सगळं कुजबुजीच्या खात्यात: तिथे ते समुद्री चाच्यांबरोबर होते, लुटीतला हिस्सा घेत. दरोडेखोर डिक टर्पिन त्यांच्याकडे बटलर होता, असंही लोकांनी रचलं. एकदा नॉटिंगहॅमच्या चर्चमध्ये विधी आटोपल्यावर त्यांनी पाइप, तंबाखू आणि बियर मागवली आणि तिथल्या पाद्र्याने चर्चची पानपट्टी होऊ देणार नाही अशा अर्थाचं खडसावलं, अशीही एक गोष्ट आहे. वार्धक्यात मात्र ते फारसे कामच करत नसत, याबद्दल दुमत दिसत नाही.

टोप, बिल्ला आणि तलवार

कोणता बिशप कोणत्या काळातला, हे चित्राखालची पाटी न वाचता ओळखायचं असेल तर डोक्याकडे बघा. सोळाव्या-सतराव्या शतकात काळी चौकोनी टोपी. मग विग. कँटरबरीचे जॉन टिलटसन, 1691 मध्ये नेमलेले, हे विग घालून रंगवलेले पहिले आर्चबिशप मानले जातात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बाकी सगळ्यांनी विग खुंटीला टांगले, तरी आर्चबिशप जॉन बर्ड सम्नर यांच्या डोक्यावर तो होताच. गळ्यात निळ्या फितीचा बिल्ला दिसला तर विंचेस्टर. तिथला बिशप ऑर्डर ऑफ द गार्टर या सरदारी मंडळाचा पदसिद्ध धर्मगुरू असतो. कुलचिन्हात बिशपच्या दंडाबरोबर तलवार दिसली, की डरहॅम.

भिंत अपुरी पडली तर छत

तसबीर टांगण्यावर समाधान न मानणारेही होते. जर्मनीतल्या वुर्झबुर्गचे प्रिन्स बिशप कार्ल फिलिप फॉन ग्राइफेनक्लाउ यांनी व्हेनिसहून चित्रकार तिएपोलोला बोलावलं आणि 1752-53 मध्ये राजवाड्याच्या जिन्यावरचं अख्खं छत रंगवून घेतलं. सहाशे चौरस मीटरहून मोठं. चार खंड चारी बाजूंना: आशिया हत्तीवर, आफ्रिका उंटावर, अमेरिका मगरीवर बसलेली, आणि युरोपच्या डोक्यावर ढगांत वर वर चाललेली बिशपसाहेबांची तसबीर. म्हणजे साऱ्या पृथ्वीने मान वर करून बघायचं ते यांच्याकडे. वाड्याचा वास्तुकार बाल्टाझार नॉयमान तोफेवर रेलून बसला आहे, आणि त्याने ते रेलणं कमावलंच होतं: मार्च 1945 च्या बाँबहल्ल्यात शहर बेचिराख झालं, त्याने बांधलेली कमान मात्र उभी राहिली, चित्रासकट. बिशप मात्र छत पूर्ण झाल्यावर साधारण वर्षभराने वारले.

तिएपोलोला बिशपांच्या घरी काम करायची सवय जुनीच. इटलीत उदिने शहरात अक्विलेयाच्या धर्माधिपतींचा वाडा आहे. 1726 पासून काही वर्षं त्याने तिथे भिंती-छतं रंगवली. सिंहासनाच्या दालनात धर्माधिपतींच्या तसबिरींनी भिंती भरल्या आहेत, आणि शेजारच्या दालनात तिएपोलोने बायबलमधली म्हातारी सारा रंगवली आहे, देवदूतासमोर, बोळक्या तोंडाने. गादीवरचे सगळे रुबाबदार. लक्षात राहते ती बोळकी आजी. 1751 मध्ये ती गादीच बरखास्त झाली.

जुन्या गोव्याच्या रांगेतला एक धर्मगुरू

तसबिरींची अशीच जुनी रांग बघायला आपल्याला लांब जायला नको. 1547 मध्ये गोव्याचा गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने आपल्या आधीच्या बारा जणांची आणि स्वतःची चित्रं काढून घेतली. देखरेखीला इतिहासकार गास्पार कोर्रैया. तो पूर्वी त्या बारांतल्याच गव्हर्नर अल्बुकेर्कचा चिटणीस होता, म्हणजे चिचेस्टरसारखा ‘काढा कुठलाही चेहरा’ असा मामला नव्हता. रंगवलं एका स्थानिक चित्रकाराने, आणि कोर्रैयाने त्याचं नाव लिहायचे कष्ट घेतले नाहीत. पुढच्या शतकांत ही चित्रं इतक्यांदा पुन्हा रंगवली गेली, की वरचा थर खरवडल्यावर आतून वेगळाच मनुष्य दिसावा. आज ती जुन्या गोव्यातल्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. दाढीवाले, चिलखतवाले, तलवारीवर हात ठेवलेले. आणि त्यांच्यात एक धर्मगुरू: आलेइशो द मेनेझिस. गोव्याचे आर्चबिशप असताना 1607 ते 1609 गव्हर्नरही तेच. 1599 मध्ये केरळात उदयंपेरूरची धर्मसभा भरवून तिथल्या जुन्या सुरियानी ख्रिस्ती परंपरेवर वरवंटा फिरवणारे हेच, आणि जुन्या गोव्यात सांता मोनिका हा जोगिणींचा मठ सुरू करणारेही हेच. त्या मठात आज ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. दोन पदं एका माणसाकडे असल्यावर कागदपत्रं लवकर हलत असतील, एवढं मात्र खरं.

कुंचला बायकांचा

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत खमंग गोष्ट. शतकानुशतकं या रांगेत एकही बाई नव्हती. पण रांग रंगवणाऱ्यांत होत्या. सतराव्या शतकात लंडनच्या पॉल मॉल भागात मेरी बील नावाच्या चित्रकर्तीचा स्टुडिओ जोरात चालायचा. दर ठरलेले: डोकं-खांद्यापर्यंत 5 पौंड, कमरेपर्यंत 10. टिलटसन यांच्यासारखे मोठे धर्मगुरू तिच्यापुढे बसत. नवरा चार्ल्स रंग घोटायचा, हिशेब लिहायचा, आणि मुलगे कपडे व चौकटी रंगवायचे. म्हणजे बिशपांच्या त्या गंभीर पांढऱ्या बाह्यांपैकी काही पोरांनी रंगवलेल्या असणार.

तिची शिष्या सारा कर्टिस. तिने 1701 मध्ये बेंजामिन होडली या तरुण पाद्र्याशी लग्न केलं आणि पोटापाण्यासाठीचं चित्रकाम सोडलं. होडली पुढे चार धर्मप्रांतांचे बिशप झाले, एकापेक्षा एक मोठ्या पगाराच्या. पहिल्या, वेल्स देशातल्या (सॉमरसेटचं वेल्स गाव नव्हे) बँगोरला तर त्यांनी पाऊलच ठेवलं नाही असा त्यांच्यावर कायमचा आरोप. पायांनी अधू, कुबड्यांवर चालत. विंचेस्टरला पोचल्यावर हॉगार्थने त्यांना गार्टरच्या भरजरी झग्यात रंगवलं. पण नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत त्यांचं आणखी एक चित्र आहे, सारानेच काढलेलं. हॉगार्थचं मोठं आणि थाटाचं. सारा मात्र समोर बसलेल्या माणसाच्या झग्याला भुलणारी नव्हती.

मेरी बीलनंतर सव्वातीनशे वर्षांनी, ऑक्टोबर 2025 मध्ये, कँटरबरीच्या गादीवर सारा मुलाली यांची नेमणूक जाहीर झाली. सन 597 मध्ये संत ऑगस्टिनपासून सुरू झालेल्या रांगेतली ही पहिली बाई. त्या आधी परिचारिका होत्या, इंग्लंडच्या मुख्य परिचर्या अधिकारीही. अ‍ॅबट, लॉड आणि दाढीवाले क्रॅनमर यांच्या शेजारी खिळा आता त्यांच्यासाठी ठोकावा लागणार. चांगल्या दोरीची व्यवस्था करा म्हणावं.